दही-साखरेचं पत्रक

माझ्या भावाने फसवणूक केली असं कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटमधली काही मराठी घरं म्हणतात. बाकीची म्हणत नाहीत, नुसती बघतात. दोन्ही चूक आहेत आणि दोघांनाही समजावण्याचा अधिकार मी घालवून बसले आहे.

तो सतरा वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. पिचरच्या बोटांना चिकट काही लागलं असेल तर चेंडू हातातून सुटताना जास्त फिरतो आणि समोरच्याला तो मारता येत नाही. म्हणून बोटांना बाहेरचं काही लावायचं नाही असा नियम आहे. फक्त मैदानावर राळेची एक पिशवी ठेवलेली असते, तेवढी चालते. मोठ्या व्यावसायिक संघांतले पिचर वर्षानुवर्षं काय वाटेल ते चोपडत होते आणि सगळ्यांना ते माहीत होतं. मग एकदम पावित्र्याचा झटका आला. आता टीव्हीवर अंपायर त्यांचे हात, टोपी, पट्टा तपासतात. एखादा सापडलाच तर काही सामने घरी बसतो, त्याचा पगार चालू राहतो, आणि परत आला की लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. हे सगळं बघून शाळांचे अंपायरही अंगात आल्यासारखे मुलांची बोटं चाचपू लागले.

त्या शनिवारी मोसमातला पहिला मोठा सामना होता आणि सुरुवात भावानेच करायची होती. तो सकाळी लवकर, आई उठायच्या आत निघून गेला. झालं, आईला चैन पडेना. आमच्या घरातून महत्त्वाच्या कामाला कुणी दही-साखर घेतल्याशिवाय बाहेर पडलेलं नाही. बाबांची व्हिसाची मुलाखत, माझी ड्रायव्हिंग टेस्ट, सगळं दही-साखरेवर पार पडलेलं. आईने स्टीलच्या डबीत दही-साखर कालवली आणि गाडी काढून थेट मैदान गाठलं. मी राहते त्या ओकलंडहून परस्पर मैदानावर आले होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

तिने कुंपणापाशी त्याला हाक मारली. तो आला. डबी पाहून कसनुसा हसला आणि डावा हात पुढे केला.

"डावा काय करतोस? उजवा दे."

"आई, आय थ्रो विथ दॅट वन."

"मग तोच. काम करणाऱ्या हातावरच देतात. दे लवकर, ते तुझे मित्र बघतायत."

मित्र बघतच होते. त्याने उजवा हात दिला, तळव्यावरचं चाटलं, हात पँटला पुसला आणि पळाला. पाण्याने धुवायला वेळच नव्हता, सगळे रांगेत उभे राहिले होते. मी हसत होते. हे मुद्दाम लिहितेय. मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

दुसऱ्याच डावात समोरच्या संघाच्या कोचने अंपायरला बोलावलं. त्यांच्यातल्या कुणा मुलाच्या आईने कुंपणापाशी डबी पाहिली होती. अंपायरने भावाचा उजवा हात धरला, बोटांवरून अंगठा फिरवला, परत फिरवला. "स्टिकी," एवढंच म्हणाला आणि बाहेरचा रस्ता दाखवला. समोरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, काय होतं त्या डबीत, करी? हशा पिकला. आई हसणाऱ्यांकडे बघत हसली. तिला वाटलं, गंमत चाललीय.

प्रकरण शाळांच्या समितीकडे गेलं. मुद्दाम केलं असं ठरलं तर त्याचा उरलेला मोसम बंद. आणि पुढच्या पंधरवड्यात एका कॉलेजचा कोच, त्याला आपल्या संघात घ्यायचं का ते ठरवायला, खास त्याला बघायला येणार होता. तीन वर्षं तो पहाटे उठून धावला होता ते या एका दुपारसाठी. दुसरा कोच येणार नव्हता. आमच्याकडे बेसबॉलमधलं कुणाला काही कळत नाही. बाबांना सांता क्लाराच्या ऑफिसात कुणी विचारलं तर ते "क्रिकेटसारखंच" म्हणून विषय बदलतात. तो एकटाच तिथवर पोचला होता.

त्याच्या शाळेच्या कोचने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, घाम आणि राळ एकत्र झालं की बोटं चिकटतात, अंपायरकडे याहून वेगळं काही असल्याचा पुरावा नाही. समितीला मी तसं लिहून देतो. तू गप्प बस, घरच्यांनाही गप्प बसव. हे मला त्याने रविवारी फोनवर सांगितलं. शब्दन् शब्द सांगितलं. शेवटी म्हणाला, "ताई, प्लीज. डू नथिंग."

आता मी काय करते ते सांगायला हवं. मी भाडेकरूंच्या संघटनेत काम करते. घरमालकाने हीटर बंद ठेवला की आम्ही पत्रक काढतो. पहिल्या ओळीत अन्याय, मग माणूस, मग तपशील, शेवटी मागणी. तपशील जितका बारीक तितकं पत्रक खरं वाटतं. आणि आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट अशी की घाबरलेला माणूस "काही करू नका" म्हणतो, तेव्हा ती भीती बोलत असते. तिचं ऐकायचं नसतं.

मी फोन ठेवत होते तेव्हा त्याच्यामागे आई रडत असल्याचं ऐकू येत होतं. "माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं." माझं डोकं फिरलं. माझ्या आईने का म्हणून तोंड लपवायचं? घाम आणि राळ! म्हणजे आपली दही-साखर लपवायची, आपण काही घाण केल्यासारखी? ज्यांची पोरं बोटं चिकट व्हावीत म्हणून सनस्क्रीनचे थर चोपडून खेळतात त्यांच्यापुढे?

एका बैठकीत लिहून काढलं. इंग्रजीत, एका पानात. चांगलं झालं होतं, अजूनही म्हणते. आईची डबी त्यात होती, कुंपण होतं, डावा हात आणि उजवा हात होता, करी म्हणणारा आवाज होता. सोमवारी देसी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये वाटलं, मंगळवारी शाळेच्या दारात. पत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवर आमच्या घरी पोचायच्या आधी शेजारच्या काकूंनी आईला फोन करून सांगितलं, "काय लिहिलंय हो तुमच्या लेकीने! डोळ्यांत पाणी आलं." आई मला म्हणाली, "अगं, पण त्याला विचारलंस का?" मी म्हटलं, नंतर आभार मानेल.

गुरुवारी दुपारी समितीपुढे भाऊ, बाबा आणि कोच बसले. मला आत सोडलं नाही. पुढचं बाबांनी सांगितलं. कोचने घाम आणि राळेचा कागद दिला. अध्यक्षबाईंनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि माझं पत्रक काढलं. सामन्याच्या काही मिनिटं आधी आईने त्याच्या चेंडू टाकायच्या हातावर दही आणि साखर ठेवली, हे माझं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं. बाई वाईट नव्हती म्हणे. हळू आवाजात विचारलं, हे खरं आहे?

तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? खोटं म्हणाला असता तर बहीण खोटारडी, खरं म्हणाला तर कोच खोटारडा. कोच त्याच्याकडे न बघता कागद गोळा करून उठला. हाताला काही लागलंय हे ठाऊक असताना लपवलं, म्हणून मुद्दाम. मोसम बंद.

मी मग पत्रांचा सपाटा लावला. समितीला, शाळेला, स्थानिक वर्तमानपत्राला. एकालाही उत्तर आलं नाही. पहिल्यांदाच वाटलं की माझ्याकडे पत्रकाशिवाय दुसरं काहीच नाही. आईला नुसतं जवळ घेऊन बसायला हवं होतं, तेही मी केलं नव्हतं. लिहीत बसले होते.

कॉलेजचा कोच ठरल्या दिवशी आला. भाऊ तो सामना बघायला गेला, कारण घरात बसवेना. मीही गेले, तो नको म्हणत असताना. त्याच्या जागी दुसरा मुलगा चेंडू टाकत होता आणि कॉलेजचा कोच वहीत काहीतरी लिहीत होता. मागून एक काका आले, माझा हात हातात घेतला. "ते तू लिहिलंस ना? वा! अशीच लढत राहा. आपल्या लोकांना हवंच हे." मी थँक यू म्हणाले. सवयीने निघून गेलं तोंडातून.

भाऊ उठला आणि चार ओळी खाली जाऊन एकटा बसला. थोड्या वेळाने मी त्याच्याजवळ गेले. माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने हात वर केला.

"ताई, सॉरी नको. एकच कर. यावर परत काही लिहू नकोस. एव्हर."

"नाही लिहिणार," मी म्हटलं.

त्याला उन्हाळ्यानंतर घराजवळच्या, कुणालाही प्रवेश देणाऱ्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग घ्यायचंय. बेसबॉलचं नाव काढत नाही. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे मी मराठीत लिहिलं आणि त्याला दिलेला शब्दही मोडला. पहिल्या वेळी निदान वाटत तरी होतं की त्याच्यासाठी लिहितेय.