दुखणं सांगायची तालीम

सासूबाईंच्या खुब्याचा सांधा बदलायचा होता. इथे विलायतेत ऑपरेशन सगळ्यांनाच फुकट, पण आधी आपण पुरते खंगलोय हे समोरच्याला पटवावं लागतं. जीपीची, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची, फोनलाइन सकाळी आठला उघडायची. मी त्याआधीच फोन हातात धरून स्वयंपाकघरात येरझारा घालायचे, आणि लाइन लागेपर्यंत त्या दिवशीच्या अपॉइंटमेंट संपलेल्या असायच्या. नुसती चिडचिड.

कित्येक महिन्यांनी एकदाची हॉस्पिटलची तारीख आली. त्या सकाळी सासूबाईंनी इस्त्रीची नारायणपेठी काढली, अंबाडा घातला, पावडर लावली. डॉक्टरांकडे गबाळं जायचं नाही हा त्यांचा नियम एजवेअरमध्ये उभा जन्म काढूनही सुटलेला नाही. कार पार्कमध्ये त्यांनी काठी मागच्या सीटवर टाकली.

"अहो आई, काठी!"

"इथून तिथं तर जायचंय. म्हातारी दिसते मी काठीनं."

आत तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, कसं चाललंय? "व्हेरी वेल, थँक यू." जिना चढता येतो? येतो. अंघोळ? माझी मी करते. मला गप्प बसवेना. रोज त्यांना टबात मी उतरवते, पाठ मी चोळते. मी तोंड उघडलं, तसा त्यांनी माझ्या मांडीवर हात दाबला. परक्या बाईसमोर सासूला खोटं पाडायचं तरी कसं? ऑपरेशन नाहीच, नुसता व्यायामाचा कागद घेऊन आम्ही घरी आलो.

"आई, आपण तिथे छान दिसायला गेलो होतो का?" मी भडकलेच.

"मग काय भीक मागायची?"

हिवाळ्यात त्यांना आधाराशिवाय जिना चढवेना, पलंग खाली आणला. पुन्हा फोन, पुन्हा वाट पाहणं. दुसऱ्या तारखेच्या आधी मी रोज त्यांची तालीम घ्यायचे. "आई, अंघोळ कोण घालतं?" त्या टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

त्या दिवशी मी साडी काढलीच नाही. गाऊन आणि कार्डिगनवर नेलं, काठीसकट. बाईंनी अंघोळीचं विचारलं. सासूबाईंनी कार्डिगनची बटणं लावली. इंग्रजी उत्तम येत असून मराठीत म्हणाल्या, "सून घालते. संडासलाही तीच नेते. कधी कधी पोचत नाही मी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं, एक शब्द न गाळता, चांगलं खणखणीत. त्यांनी भराभरा टाइप केलं आणि ऑपरेशनसाठी नाव घातलं. गाडीत बसल्या बसल्या मी नवऱ्याला फोन लावला, "झालं रे, झालं!" मला इतका आनंद झाला होता की सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पलंग रिकामा. त्या एकट्याच जिना चढून वर गेल्या होत्या. बाथरूमचं दार आतून बंद, नळ चालू.

"आई, दार उघडा. पडाल हो!"

"जमेल माझं मला," आतून आवाज आला. मग पाय टबाच्या कडेला आपटल्याचा.