नानासाहेबांच्या हातचं तेल

बिडकीनच्या नानासाहेबांची काळी मोटर वर्षातून एकदाच बाहेर निघायची, दसऱ्याला. धुवायची, झेंडूची माळ घालायची, वेशीबाहेरच्या देवीपर्यंत न्यायची आणि परत मोटरखान्यात कोंडायची. लढाईमुळं पेट्रोल कुपनावर मिळायचं, आणि नानासाहेबही आता राहिले नव्हते. मोटर होती ती नुसती आठवणीला, आणि ड्रायव्हर गयासच्या पोटाला.

हा गयास मूळचा औरंगाबादचा टांगेवाला. नानासाहेब एकदा त्याच्या टांग्यात बसले, त्याचा हात पाहिला आणि लगाम सोडवून त्याला मोटरीवर बसवलं. "घोडं सांभाळलंस, हिलाबी सांभाळशील," म्हणाले. तेव्हापासून गडी मोटरीचाच झाला. ती हलो न हलो, रोज सकाळी हा फडकं घेऊन हजर. स्वतःच्या टोपीवरची धूळ झटकायला विसरेल, पण मडगार्डावरची नाही.

पण एका गोष्टीत त्याची अक्कल गहाण पडली होती. इंजिनातलं तेल तो बदलायचाच नाही. "गाडी चाललीच नाय, तर तेल खराब होतंय कशाला?" असं छातीठोक सांगायचा. त्यात नानासाहेबांच्या माघारी त्यांच्या पत्नीनं, लक्ष्मीबाईंनी, एक रीत पाडली. दसऱ्याची पूजा झाली की मोटरीच्या तेलाच्या डब्यातलं पळीभर तेल त्या इंजिनात ओतायच्या, देवापुढच्या नंदादीपात ओततात तसं. आता नंदादीपातलं जुनं तेल कोण कधी काढून टाकतं? गयास आपला झाकण उघडून अदबीनं उभा राहायचा.

यंदा दसरा तोंडावर आला आणि धाकटे दीर काकासाहेब म्हणाले, "वहिनी, मोटरीला जालन्याचं गिऱ्हाईक आलंय. दसऱ्याला देवीपर्यंत नीट गेली तर ठेवू, नाय तर देऊन टाकू." दारात उभ्या गयासनं ते ऐकलं. टांगा कधीच गेला होता, आणि या वयात त्याला दुसरं कोण ठेवणार? घरी येऊन बायकोला, बिल्किसला, एवढंच म्हणाला, "गाडी नै चली तो अपन बी नै चलते."

दुसऱ्या दिवशी त्यानं हँडल मारलं. मारून मारून खांदा निखळायची वेळ आली, तेव्हा कुठं इंजिन लागलं, आणि आतून अशी ठकठक सुरू झाली की त्यानं घाईघाईनं बंद केलं. तेल मोजायची काडी ओढून पाहिली. तेल कसलं, नाल्यातला गाळच तो, आणि त्यावर फेस. गाडी बसून बसून आत पाणी धरलं होतं. गयासनं कपाळावर हात मारून घेतला. जिला जिवापाड जपायचं, तिलाच आपण मारत होतो, आणि वरून फडकं फिरवत होतो. त्याला स्वतःची लई लाज वाटली.

ओसरीवर जाऊन त्यानं खाली मान घालून सांगितलं, "बाईसाहेब, जुनं तेल सगळं काढावं लागतंय."

"ते नाय काढायचं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "त्यांच्या हातचं हाय ते. आजारी पडायच्या आधी त्यांनीच घातलंय."

आजवर गयासनं त्या घरात उलट शब्द काढला नव्हता. आज काढला. "दिव्यातलं तेल जळून जातंय, बाईसाहेब, म्हणून वरनं घातलेलं चालतंय. हे जळत नाय, आतच सडतंय. नानासाहेब असते तर माझा कान पिळला असता."

लक्ष्मीबाई उठून आत गेल्या. आता आपला कारभार आटोपला, असं गयास धरून चालला. पण थोड्या वेळानं त्या स्वतः पितळेचं मोठं पातेलं घेऊन मोटरखान्यात आल्या. "ह्याच्यात काढा. मातीत सांडायचं नाय," म्हणाल्या आणि तिथंच पोत्यावर बसल्या. गयासनं गाडीखाली शिरून बूच काढलं. काळं दाट तेल दुपारपर्यंत ठिबकत राहिलं. मग डब्यातलं नवं तेल लक्ष्मीबाईंनीच घातलं. या वेळी पळी घेतली नाही, डबाच उचलला.

दसऱ्याला मोटर माळ घालून देवीला गेली आणि कुठं न कुरकुरता परत आली. मागं बसलेले काकासाहेब उतरताना म्हणाले, "राहू दे मोटर. गिऱ्हाइकाला मी नाय म्हणून सांगतो." गयासनं मान हलवली आणि फडकं काढून मडगार्ड पुसायला घेतलं.

ते पातेलं तुळशीजवळ झाकून ठेवलेलं होतं. त्याचं काय करायचं, हे बाईंना विचारायची कुणाची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सालदार कडूबा शेतावर जायला बैल जुंपत होता, तेव्हा त्यांनीच ते उचलून त्याच्यापुढं आणून ठेवलं. "आजपासून चाकांना हेच वंगण घाल," म्हणाल्या. कडूबानं घातलं. एरवी अख्ख्या गावाला उठवणारी बैलगाडी करकर न करता वेशीकडं निघाली.

गयास मोटरखान्याच्या दारात फडकं धरून बघत होता. लक्ष्मीबाई गाडी वळेपर्यंत उभ्या राहिल्या.

"लई दिस ते मोटरीत नुस्ते बसून होते," त्या त्याला म्हणाल्या. "आता रोज रानात जातील."