पहिले तू बस

फोन आला तेव्हा मी आणि मीनल जेवत होतो. शरयूताई गेल्याचं त्यांच्या भाचीनं सांगितलं आणि मी ताटावरून उठले... त्याला आता दीड महिना झाला.

बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, पुढच्या खोलीत, शरयूताई अपंग मुलांचे व्यायाम घ्यायच्या. दुपारी चारला आम्ही तीन-चार आया मुलांना कडेवर घेऊन जमायचो. मीनल तेव्हा चार वर्षांची. जन्मताना मेंदूला इजा झालेली, मान जेमतेम धरायची, मुठी कायम आवळलेल्या. पहिल्या दिवशी मी तिची जाडजूड फाइल पुढे केली, तर ताईंनी ती कपाटावर ठेवून दिली आणि माझं नाव विचारलं. मला ते कित्येक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं; सगळ्यांसाठी मी मीनलची आई होते. व्यायाम झाल्यावर त्यांनी खोक्यांच्या फळ्यांपासून केलेल्या एका छोट्या खुर्चीत मीनलला पट्टा लावून बसवलं. एक बशी तिच्यापुढे, एक माझ्यापुढे, दोन्हींत मऊ शिरा.

"पहिले तू बस," त्या म्हणाल्या. "आपल्या हातानं खा. तिला दिसू दे."

मला रागच आला. मी मुलीच्या इलाजासाठी आले होते, या बाईंचा शिरा खायला नाही! पण ताईंचा नेम पक्का होता. घरी हवं तसं भरवा, इथे मात्र कुणी कुणाला भरवायचं नाही. आई रोज उभ्या उभ्या, गार झालेलं, उरलंसुरलं खाते. तिच्याकडे बघून मूल जेवायला काय शिकणार, असा त्यांचा सवाल. मी रोज जायची, बसायची, खायची. मीनल नुसती बघायची. दोन महिने असेच गेले, आणि एक दिवस ताई चहा टाकायला आत गेल्या असताना मला राहवलं नाही. पटकन एक घास मी तिच्या तोंडात सरकवला.

ताई बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी सतरंजीवर बसल्या. "नीलिमा, तिचा हात बशीपर्यंत आला होता. मी दारातून बघत होते."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथेच रडले. ताईंनी माझी बशी उचलली, शिरा गरम करून आणला आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

त्यानंतर मी हात आवरायला शिकले. सोपं नव्हतं ते. आणि मग एका दुपारी, कारखान्याचा भोंगा वाजत असताना, मीनलची मूठ शिऱ्यात रुतली. वर उठली, गालाला लागली, नाकाला लागली... आणि तोंडात गेली. समोर बसलेली दुसऱ्या मुलाची आई, शबाना, घास हातात धरून तशीच थांबली. ताईंनी साध्या टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत, मला एवढंच सांगितलं की तुझी बशी संपव. इतका विश्वास एखाद्या माणसात कुठून येतो, मला आजवर कळलेलं नाही.

मीनल आता तिशीला आली. सांडत-लवंडत, पण आपल्या हातानं जेवते. त्या दिवशी फोन ठेवून मी ओट्याशी पाठमोरी उभी होते. मागे ताट सरकल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर मीनलनं वाकड्या मनगटानं माझं ताट माझ्या जागेसमोर नीट ढकललं होतं. तिचा स्वतःचा घास हातात तसाच होता.

"पहिले... तू... बस," ती म्हणाली.

मी बसले. मग तिनं घास तोंडात घातला.