रोनाल्डच्या फियाटीने प्यायलेली सोलकढी

रोनाल्ड लोबो आपल्या जुन्या फियाटीला जेवणानंतर सोलकढी पाजतो, ही बातमी शेजारच्या आनंदीबाईंनी सकाळी कुंपणावरून सोडली आणि संध्याकाळपर्यंत ती कुडाळच्या बाजारात फिरून परत वाडीत आली. येताना सोबत तळलेला बांगडाही घेऊन आली.

बातमी साफ खोटी. एक तर ती सोलकढी नव्हती, नारळाचा त्यात थेंब नव्हता. बिनमिठाच्या सोलांचा, म्हणजे सुकवलेल्या कोकमांचा, नुसता काढा होता. तो रेडिएटरमध्ये भरून, इंजिन जरा चालवून, मग ओतून टाकायचा होता. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी पिऊन पिऊन गाडीच्या नळ्यांत क्षार बसला असणार, असा रोनाल्डचा कयास. सोलांनी कळशी लख्ख होते, मग पितळेच्या रेडिएटरनेच काय घोडं मारलंय? लालभडक पाणी अंगणातून वाहिलं, आनंदीबाईंना दिसलं, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच.

एवढा खटाटोप भाचीसाठी. रोनाल्डच्या बापाने ही गाडी घेतल्यापासून घरातली प्रत्येक नवरी तिच्यातूनच चर्चची चढण चढली. अपवाद गेल्या खेपेच्या क्लॉडियाचा. अर्ध्या चढणीवर बॉनेटमधून वाफ उसळली आणि क्लॉडिया पांढरा झगा गुडघ्यापर्यंत उचलून, चपला हातात घेऊन, चालत लग्नाला गेली. फोटोत तिच्यामागे जे स्वर्गीय धुकं दिसतं ते फियाटीचं.

आता सॅन्ड्राचं लग्न रविवारी. नवऱ्याकडच्यांनी गोव्याहून एसी गाडी ठरवलेली. सॅन्ड्राने मामाच्या गळ्यात हात टाकून सांगितलं, की शुक्रवारी एकदा रिकामी गाडी चढणीवर चढवून दाखव. चढली तर तुझ्या गाडीत, नाही तर त्यांच्या. मामा हसला, पण त्या रात्री त्याला माशाची कढीही गोड लागली नाही.

कुडाळहून गॅरेजवाला सत्यवान आला. त्याने पट्टा ओढून पाहिला, नळ्या बदलल्या, थर्मोस्टॅट गरम पाण्यात बुडवून तपासला, पाण्याचा पंप खोलून पुन्हा लावला. रेडिएटरकडे मात्र त्याने वळूनही पाहिलं नाही, कारण तो इतका काळाकुळकुळीत चमकत होता की त्याला नवाकोरा वाटला. मग सोलांचा काढा झाला. तरी शुक्रवारी सकाळी गाडीने नेमक्या क्लॉडियाच्या जागी पुन्हा वाफ सोडली. सत्यवानाने हात टेकले आणि एसी गाडीत गाणीही वाजतात, असा धीर दिला.

रोनाल्डने गाडी कशीबशी अंगणात आणली, थंड केली, पाणी भरून पुन्हा चालू केली आणि तोंड पाडून समोर बसला. बायको वेरोनिका पेपराने वारा घेत त्याची समजूत काढायला आली. उकडत होतं, तिने पेपर जरा पुढच्या जाळीवर टेकवला आणि पदराने तोंड पुसलं. पेपर सरळ खाली पडला.

रोनाल्ड ताडकन उठला. बापाच्या वेळी गाडीचा पंखा चालू असला की जाळीला लावलेला कागद आतल्या ओढीने चिकटून बसायचा. लहानपणी त्याने शाळेचं प्रगतिपुस्तकसुद्धा तिथे चिकटवून बघितलं होतं. त्याने पेपर उचलून पुन्हा लावला. पुन्हा पडला. मग इंजिन बंद करून त्याने रेडिएटरच्या मागून पेटती हातबॅटरी धरली आणि वेरोनिकाला पुढून बघायला लावलं.

"काय दिसता?"

"काळोख," वेरोनिका म्हणाली. "तुझ्या डोक्यात आसा तसो."

आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. खारा वारा सगळं खातो, म्हणून दर नाताळात रोनाल्ड होडीचा उरलेला काळा रंग घेऊन बसायचा: फाटक, अंगणातला क्रूस, खिडक्यांचे गज, आणि हात लागलाच आहे म्हणून रेडिएटर. दरवर्षी एक जाड हात. त्या बारीक पत्र्यांमधून वारा जायची एकूण एक फट त्याने स्वतःच मायेने बुजवली होती.

शनिवार सगळा रंग काढण्यात गेला. रेडिएटर अंगणात उतरवला, थिनरने भिजवला, टूथब्रश घराघरातून आले. पत्र्यांमधला शेवटचा रंग काही निघेना, तेव्हा आनंदीबाईंनी आपली उवांची बारीक फणी आणून दिली, आणि ती परत नको असंही बजावून सांगितलं.

रविवारी सॅन्ड्रा दाराशी उभी राहिली. एका बाजूला एसी गाडी, दुसऱ्या बाजूला, जाळी मोकळी ठेवून अबोलीच्या माळा फक्त टपावर बांधलेली फियाट. तिने झगा सावरला आणि फियाटीत बसली. चढणीवर रोनाल्डचा एक डोळा रस्त्यावर, एक इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर. क्लॉडियाची जागा आली. गेली. काटा मधोमध बसून राहिला, प्रवचन ऐकायला बसल्यासारखा.

चर्चच्या पायरीशी सगळी वाडी हजर. आनंदीबाईंनी पुढे होऊन मोठ्याने विचारलं, की सोलकढी मानवली म्हणायची, आता गाडीक भात कधी घालतंस?

रोनाल्डने भाचीला हात देऊन उतरवलं, कोट झटकला आणि म्हणाला, "आनंदीबाय, रंगाचो अर्धो डबो अजून घरात आसा. येत्या नाताळाक तुमच्या तोंडाक एक हात मारतंय, आतलो वारो भायर येवचो बंद होतलो."