खुशाली सांगणारं यंत्र

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नगर शहराबाहेरच्या एका संशोधन केंद्रात मी नव्यानेच नोकरीला लागलो होतो. घराण्यातला पहिला पदवीधर, म्हणून आमच्या मिरजगावात माझं कोण कौतुक! केंद्रात मात्र मी अजून तात्पुरता होतो. कायम व्हायचं की नाही, हे साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

आमच्याकडे कपाटाएवढा एक संगणक होता. त्याला टाइपरायटरसारखं एक यंत्र जोडलेलं असे. आपण आज्ञा टाइप करायची, उत्तर कागदाच्या गुंडाळीवर उमटायचं. स्मरणाची जागा इतकी अपुरी, की मोठं गणित भरता भरताच संगणक जागा संपल्याचं सांगून थांबे, आणि ज्याचं गणित अडकलं तो माझ्यावर चिडे.

म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. ‘खुशाली’ एवढा शब्द रोमन अक्षरांत टाइप केला की संगणकाने आपली एकूण जागा, शिल्लक जागा आणि कोणकोणती यंत्रं जोडलेली आहेत ते सांगायचं. भाषा सोपी होती. ओळ लिहावी, ती संगणकाच्या त्याच जागेत बसावी, आणि संगणकाने ती वाचून लगेच करावी. साहेब म्हणाले, “सोमवारी दाखवा. चाललं तर तुमचा शेरा त्याच दिवशी लिहितो.”

सोमवारी मी ‘खुशाली’ टाइप केलं. यंत्र खडखडू लागलं. ‘नमस्कार. मी आपणास या संगणकाची खुशाली सांगत आहे. या संगणकात एकूण जागा...’ अक्षर अक्षर करत ओळ सरकत होती. साहेब चहा घेऊन आले, तरी यंत्राचं बोलणं चालूच.

“कीर्तन बरंय,” आमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या. “आरतीला बोलवा आम्हाला.”

शेवटी उमटलं, शिल्लक जागा फारच थोडी आहे.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. “सकाळी निम्मा संगणक रिकामा होता. जागा गेली कुठे?”

बाईंनी कागद उचलून वाचला. “या वाक्यांतच बसलीय, साहेब. जागा किती उरली ते सांगायला यांनी सगळी जागा खाल्ली.”

“एवढं लिहायला सांगितलं कोणी तुम्हाला?”

“गुरुजींनी,” माझ्या तोंडून निघून गेलं. खोली हसायला लागली. मी घाईघाईने सांगितलं, “शाळेत उत्तर पूर्ण वाक्यात लिहायचं, साहेब. नुसता शब्द लिहिला की निम्मे गुण जायचे.”

“इथे नुसत्या शब्दालाच पूर्ण गुण,” साहेब म्हणाले. “संध्याकाळी पुन्हा बघतो. तोवर शेरा कोराच.”

बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. “हे ‘आपणास’ कोण? काढा. आणि एवढे ‘आहे’ कशाला? आहे म्हणून तर छापतोय ना?” एकेक ‘आहे’ खोडताना पाठीवर छडी पडेल असं वाटत होतं. पण बाईंनी त्या दुपारी स्वतःचं काम बाजूला ठेवलं, हे मी कधी विसरलो नाही.

संध्याकाळी चार तुटक ओळी झरझर उमटल्या. शिल्लक जागाही भरपूर दिसली. साहेबांनी आपलं सगळ्यात लांब गणित भरलं. ते न अडखळता बसलं.

“नमस्कार तेवढा ठेवलात?”

“विचारणाऱ्याला एवढं तरी म्हणायला हवं, साहेब.”

“असू द्या. तेवढी जागा माझ्या गणितातून घ्या,” म्हणत त्यांनी पेनचं टोपण काढलं.

पुढच्या सुट्टीत मिरजगावला एसटीतून उतरलो तो थेट गुरुजींच्या ओट्यावर गेलो. सगळं ऐकून ते पोट धरून हसले.

“मग? काय झालं शेवटी नोकरीचं?”

“कायम!” मी म्हणालो.

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी नकळत उठून उभा राहिलो.

“साहेबांनी मला नोकरीत कायम केलं आहे, गुरुजी.”

“हां,” ते म्हणाले. “आता बस.”