आईचा आवाज आणि परतूरचा कॉम्प्युटरवाला

परतूरच्या त्या कॉम्प्युटरवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज सुरू होईना आणि गेलेल्या आईचं एकमेव रेकॉर्डिंग त्यात अडकलेलं, म्हणून चार दुकानं हिंडून, दमून त्याच्याकडे पोचलो. तोही दमलेलाच दिसला. माझ्या मुलानं त्याच कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला टाकलेली लिनक्स ही दुसरी सिस्टीम त्यानं उघडली, मनगटानं चष्मा वर सारला.

"काका, रोज बोर्डाचंच बटन बंद करता ना?"

"हो," मी तोऱ्यात म्हणालो. "वीज वाचते."

"मंग विंडोज नीट बंदच होत न्हाई. आता लिनक्सकडून विंडोजची डिस्क नुस्ती वाचता येईल, बदलता न्हाई येनार."

"मला फक्त ऐकायचंय."

त्यानं फाइल पेनड्राइव्हवर घेतली, हेडफोन माझ्या कानांवर चढवला. आई म्हणत होती, "मोबाइल ठेव अन् जेवायला बस."

तो उठला आणि गिऱ्हाईक नसतानाही दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.