पुढच्या यात्रेला बघू

आमचा धंदा सोनं गाळायचा. विट्याकडची इतर माणसं गेली तसा मीही तमिळनाडूत गेलो, दुकान टाकलं, संसार नेला. गावी यायचं ते वर्षातून एकदा, यात्रेला. त्यामुळं लग्न ठरवायचं असो, पत्रा बदलायचा असो की दाढ काढायची असो, आमच्याकडं सगळं यात्रेवर ढकललं जातं. मी माझ्या मुलीचे कान ढकलले.

ती दीड वर्षाची होती. यात्रेला आलो होतो, तेव्हा अंगणवाडीच्या ताई तिचं वजन करायला घरी आल्या. तिच्या पाठीमागं उभ्या राहून त्यांनी टाळी वाजवली, मग खुळखुळा. पोरगी आपली चेंडूशी खेळत राहिली.

"दादा, हिचे कान तपासून घ्या. उद्याच सांगलीला जावा."

"आवं ताई, तिकडं दारात तमिळ, घरात मराठी. पोर गोंधळलंय."

"गोंधळलं तरी टाळीला वळून बघंल का न्हाई?"

थोरला भाऊ मधेच म्हणाला, "माझं पोरगं चार वर्षं गप हुतं. आता त्याला गप कसं बसवायचं तेवढं सांगा, ताई!" सगळे हसले. मीही. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचं जेवण, तिसऱ्या दिवशी परतीची गाडी. "पुढच्या यात्रेला बघू," म्हणालो. पुढच्या यात्रेला आई म्हणाली, "वर्साची यात्रा, आन् पोरीला दवाखान्यात कुठं नेतोस?" मला तेच ऐकायचं होतं.

कारण मला माहीत होतं. ताईंच्या टाळीआधीच. दुकानात माझ्या हातून लोखंडी सांडशी फरशीवर पडली. दारातलं गिऱ्हाईक दचकलं, हातभर अंतरावर बसलेली पोरगी नाही. मी सांडशी उचलली आणि कामाला लागलो. वर बायकोलाच बोल लावायचो, "तू तिच्याशी बोलत न्हाईस, म्हणून ती बोलत न्हाई."

चार वर्षांची झाली तरी एक शब्द नाही, बालवाडीनं घेतलं नाही, तेव्हा कुठं सांगलीला नेलं. डॉक्टर रागावले नाहीत. रागवायला हवं होतं. मशीननं ऐकू येईल, म्हणाले, पण भाषा सहज शिकायची वर्षं मागं पडली.

आता ती नऊ वर्षांची आहे. दुकान भावाच्या हाती देऊन आम्ही परत आलो. आठवड्यातून दोनदा एसटीनं सांगलीला, बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडं. घरी रोज आरशासमोर 'साखर', 'सकाळ'. 'स' येत नाही. माझा पारा चढतो, मी ओरडतो, ती माझ्या तोंडाकडं बघत रडायला लागते. चिडायचा हक्क तिचा, आणि चिडतो मी!

परवा एसटीत बायकोला सांडशीचं सांगून टाकलं. ती माझ्याकडं वळली.

"तवाच बोलला असता तर?"



सांगलीत उतरल्यावर तिनं पोरीचा हात धरला. "आजपासनं सराव मी घेणार. तुमी भाईरच बसा."

मी बाईंच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसलो.